भारतीय बचाव आणि मोफसलातील महेशचंद्र

बुद्धिबळाच्या पुस्तकांत डावाच्या सुरुवातींना दिलेली नावे वाचताना आपण भूगोलाचे पुस्तक चाळीत आहोत की काय, असा भास होतो. स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, सिसिलियन, स्कॉच, डच अशी ती मालिका आहे. या मालिकेत 'इंडियन' हा शब्दही आढळतो. परंतु तो एका सुरुवातीचा वाचक नसून एका भल्या मोठ्या कुळाचे ते आडनाव आहे. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, ओल्ड इंडियन, निम्झो-इंडियन, बोगो-इंडियन ही सारी त्याच कुळातली भावंडे. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले असता काळ्याने समोर आपले प्यादे न भिडविता राजाकडील घोडा बाहेर काढावा, हे या कुळाचे पहिले लक्षण होय.

चतुरंग हा खेळ मूळचा आपला, तेव्हा जन्मभूमीचा मान राखण्यासाठी युरोपियनांनी हे नाव दिले असावे, असा पुष्कळांचा समज असतो. कचेरीच्या मधल्या सुट्टीत पट मांडून बसणाऱ्या आमच्या स्नेह्यांपैकी बहुतेकांचा तोच समज आहे. वस्तुतः या नावाचा चतुरंगाच्या उगमाशी काही संबंध नाही. ते एका विशिष्ट शहरात, एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट माणसाच्या खेळामुळे पडले. ते शहर कलकत्ता, तो काळ एकोणिसाव्या शतकाचा मध्य आणि तो माणूस म्हणजे महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजांच्या लेखणीतून उतरलेला 'मोहेशचंदर बॅनर्जी'. नोकरीच्या निमित्ताने ज्यांना बंगालची हवा खावी लागली आहे, अशा वाचकांना तरी या माणसाची ओळख असावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची. ही एका चालीची आघाडी दिसावयास लहान, पण सुरुवातीच्या दहा-पंधरा चालींत ती काळ्याच्या मानेवर जोखडासारखी बसते. या आघाडीला उत्तर देण्याचे दोन मार्ग आहेत. पांढरा जे करील तेच एक चाल मागे राहून आपण करावे, पटाच्या मध्यावरील चार घरांत आपलाही वाटा मागावा आणि हळूहळू बरोबरी साधावी, हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग धाडसाचा. मध्य तूर्त पांढऱ्याला घेऊ द्यावा. त्याने तेथे प्यादी आणून मांडली की तीच प्यादी आपले लक्ष्य होतात. कारण पुढे गेलेले प्यादे मागे फिरत नाही, आणि जे मागे फिरत नाही त्याला आधार पुरवीत बसावे लागते. काळ्याने आपले मोहरे दुरून त्या प्याद्यांवर रोखावेत आणि नेमक्या वेळी घाव घालावा. नावात 'बचाव' हा शब्द असला तरी या मार्गाचा आत्मा प्रतिहल्ल्याचा आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात पहिल्या मार्गालाच शास्त्राची प्रतिष्ठा होती. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे टाकावे, काळ्यानेही तेच करावे, मग घोडे-उंट भराभर बाहेर काढून एकमेकांच्या राजावर तुटून पडावे, असा तो जमाना. पुढे श्टाइनिट्झ आणि टाराश या पंडितांनी खेळाला शिस्त आणली. परंतु मध्य प्याद्यांनी व्यापावा हा दंडक त्यांच्या शिकवणीत अधिकच पक्का झाला. अशा वातावरणात मध्य शत्रूच्या स्वाधीन करून पटाच्या कडेला आपला उंट लपवून ठेवणारा खेळाडू अडाणी किंवा भित्रा ठरावा, यात नवल नव्हते.

आता आपल्याकडील खेळ पाहा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत जे देशी बुद्धिबळ खेळले जाई, त्याचे नियम प्रांतोप्रांती थोडेफार निराळे असले तरी काही गोष्टी समान होत्या. प्यादे साधारणतः एकेकच घर चाले; पहिल्या चालीस दोन घरे जाण्याची सवलत कोठे असलीच तर ठरावीक प्याद्यांपुरती असे. ज्याला आपण आज कॅसलिंग म्हणतो ती राजा आणि हत्ती यांची जोडचाल देशी खेळात नव्हती. तिच्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येई. प्याद्याने दिलेली मात, म्हणजे आपली 'प्यादेमात', ही विजयाची सर्वांत मानाची तऱ्हा समजली जाई. अशा खेळात मध्यावर झटापट उशिरा होणार हे उघडच आहे. दोन्हीकडची प्यादी एकेक पाऊल टाकीत येणार. तोवर खेळाडूला आपली रचना सावकाश बांधावयास सवड मिळणार. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवावे आणि त्या रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवून पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या तिरप्या ओळीवर त्याची नजर ठेवावी, ही रचना अशा संथ खेळात अगदी स्वाभाविक. युरोपियनांनी या रचनेला 'फियांकेटो' हे इटालियन नाव दिले आहे. देशी खेळाडूला तिच्यात चमत्कारिक असे काहीच वाटत नसे.

देशी आणि विलायती नियमांची गाठ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच पडू लागली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर इसवी सन १८१४ मध्ये मुंबईस छापले गेले. त्यातील डाव युरोपियन पद्धतीला जुळवून घेतले असल्याचे त्याच्या नावातच सांगितले आहे. १८२९ मध्ये मद्रासेस गुलाम कासीम आणि जेम्स कॉक्रेन या दोघांनी मिळून मुझिओ गॅम्बिट या विलायती सुरुवातीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे एकीकडे देशी शास्त्री आपली विद्या साहेबाच्या नियमांत बसवून दाखवीत होते, तर दुसरीकडे देशी खेळाडू साहेबाच्या सुरुवातींवर साहेबाच्या बरोबरीने भाष्य करीत होते. महेशचंद्रांची कथा याच धाग्यातली आहे.

त्या कथेतला दुसरा पुरुष म्हणजे जॉन कॉक्रेन. मद्रासचा कॉक्रेन निराळा; हा जॉन कॉक्रेन स्कॉटिश बॅरिस्टर. १७९८ चा त्याचा जन्म. १८२२ मध्ये त्याने बुद्धिबळावर एक ग्रंथ लिहिला आणि १८२४ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन कलकत्त्याच्या न्यायालयात वकिली करू लागला. १८४१ ते १८४३ या काळात तो लंडनला रजेवर गेला असता स्टाँटनशी त्याचे शेकडो डाव झाले. हा स्टाँटन म्हणजे पुढे १८४३ मध्ये पॅरिसला सेंट अमाँ याचा पराभव करून त्या काळातील श्रेष्ठ खेळाडू ठरलेला पुरुष. कॉक्रेनचा खेळ वादळी होता. मोहरे फेकून द्यावेत, वाटा मोकळ्या कराव्यात आणि राजाला गाठावे, हा त्याचा स्वभाव. रजा संपवून तो कलकत्त्यास परतला आणि १८६९ पर्यंत येथेच राहिला.

कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळातील एका सभासदाने लिहिलेला मजकूर १८५० मध्ये लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या मासिकात आला. १८४८ साली मोफसलात असताना आपल्या कानावर एका ब्राह्मणाची कीर्ती आली. हा मनुष्य बुद्धिबळात कधीच हरलेला नाही असे लोक सांगत. आपण त्याला शोधून काढले आणि कलकत्त्यास आल्यावर कॉक्रेनशी त्याची गाठ घालून दिली, असा त्याचा आशय आहे. बंगालच्या कोठल्याशा गावात देशी नियमांनी खेळून अजिंक्य ठरलेला हा गृहस्थ आता नव्या नियमांनी, परक्या भाषेच्या मंडळीत, त्या काळातील एका नामांकित युरोपियन खेळाडूसमोर बसला. त्यानंतर कित्येक वर्षे या दोघांचे डाव होत राहिले. सुदैवाने कॉक्रेनच्या बाजूस डाव टिपून ठेवण्याची आणि विलायतेस धाडण्याची चाल होती, म्हणून ते आज उपलब्ध आहेत.

त्यांपैकी दोन डाव या सुरुवातीचे मर्म समजण्यास पुरेसे आहेत.

पहिल्या डावात कॉक्रेनकडे पांढरे मोहरे आहेत. तो आपल्या स्वभावास अनुसरून पहिल्या पाच चालींतच वजिराकडील उंट, वजीर, राजा आणि राजाकडील उंट यांच्यापुढची चारही प्यादी दोन-दोन घरे पुढे आणतो. सारा मध्य त्याचा. महेशचंद्रांनी तोवर काय केले? राजाकडील घोडा काढला, घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकविले, त्या घरात उंट बसविला, वजिरापुढचे प्यादे एकच घर पुढे केले आणि राजाला कोपऱ्यात सुरक्षित ठेवले. त्या काळच्या विलायती दृष्टीला हा सगळा संकोच वाटला असेल. सहाव्या चालीस त्यांनी दुसरा उंट काढून पांढऱ्याच्या घोड्यावर रोखला आणि सातव्या चालीस राजापुढचे प्यादे एकदम दोन घरे टाकून त्या प्याद्यांच्या तटाला धडक दिली. नवव्या चालीस घोडा देऊन टाकला आणि आपल्या प्याद्यांना वाट करून दिली. थोड्याच वेळात पांढऱ्याचा घोडा काळ्याच्या वजिरावर येऊन बसला. महेशचंद्रांनी वजीर हलविलाच नाही. तो मारू दिला. आपण मात्र प्याद्याने दुसरा घोडा मारला, आणि तेच प्यादे पुढच्या चालीस तिरपे जाऊन पांढऱ्याच्या हत्तीवर चढले. ते बाजूस होताच इतका वेळ स्वस्थ बसलेल्या उंटाची नजर थेट पांढऱ्याच्या वजिरावर पडली. हत्ती सांभाळावा तर वजीर जातो. वजीर गेला. पुढे डाव महेशचंद्रांनी जिंकला. आजच्या पंडितांना त्या बलिदानांत काही कच्चे दुवे दिसतात. तथापि पद्धत पाहिली तर आज ज्याला किंग्ज इंडियनमधील 'चार प्याद्यांचा हल्ला' म्हणतात, त्याला काळ्याने द्यावयाचे उत्तर कोणत्या जातीचे असावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

दुसरा डाव १८५५ मधला. पुन्हा कॉक्रेन पांढऱ्याकडून. वजिरापुढचे प्यादे, मग वजिराकडील उंटापुढचे प्यादे, मग घोडा, अशा त्याच्या चाली. महेशचंद्रांची पहिली चाल घोड्याची आणि दुसरी घोड्यापुढच्या प्याद्याची, येथपर्यंत नेहमीचेच. तिसऱ्या चालीस मात्र त्यांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून पांढऱ्याच्या प्याद्याला भिडविले. पुढे त्या प्याद्यांची मारामारी झाली. काळ्याच्या घोड्याने मध्यावरील प्यादे परत घेतले, घोड्यास घोडा दिला आणि लगेच उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकून पांढऱ्याच्या उरलेल्या मध्यावर घाव घातला. पलीकडून तिरप्या ओळीवर बसलेला उंट त्याच मध्याकडे डोळे लावून होता. हीच ती रचना, जी पुढे १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने मोठ्या स्पर्धांत आणली आणि जी आज जगभर 'ग्रुनफेल्ड बचाव' म्हणून ओळखली जाते. ग्रुनफेल्डचा जन्म १८९३ चा. महेशचंद्रांचा हा डाव त्याच्या जन्मापूर्वी अडतीस वर्षे खेळला गेला.

हा दुसरा डाव महेशचंद्र हरले, हेही सांगितलेच पाहिजे. सुरुवात उत्तम झाली होती. पण पुढे कॉक्रेनचा घोडा काळ्याच्या राजाजवळ घुसला आणि महेशचंद्रांचे लक्ष दुसऱ्या बाजूस वजिरावर हल्ला करण्याकडे गेले. एकवीस चालींच्या आत मात होती: दुहेरी शह, वजिराचे बलिदान आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. प्रतिहल्ल्याच्या पद्धतीतील धोकाही या डावात दिसून येतो. ज्याने मध्य सोडला आहे, त्याला वेळेचा हिशेब अत्यंत काटेकोर ठेवावा लागतो. एक चाल चुकली की सोडलेला मध्य शत्रूचा राजमार्ग होतो.

या दोन डावांकडे पुनःपुन्हा पाहिल्यावर आमचे एक मत बनले आहे. महेशचंद्र देशी नियमांत वाढले म्हणून उंट कडेला बसवीत, एवढेच सांगून सोडून देणारे लेखक अर्धेच सत्य सांगतात. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकविणे ही देशी सवय, हे मान्य. परंतु १८५५ च्या डावातील वजिराच्या प्याद्याची तिसऱ्या चालीची दोन घरांची झेप, आणि पहिल्या डावातील राजाच्या प्याद्याची सातव्या चालीची झेप, या सवलती त्यांना विलायती नियमांनी दिल्या होत्या. जुन्या खेळातील दूरदृष्टीचा उंट आणि नव्या खेळातील प्याद्याची झेप या दोहोंची सांगड त्यांनी घातली. ही सांगड म्हणजेच प्रतिहल्ला. केवळ देशी सवयीने खेळणारा खेळाडू आपला डाव आवळून बसला असता. केवळ विलायती रीत उचलणारा खेळाडू कॉक्रेनच्या मैदानात जाऊन कॉक्रेनकडूनच मार खाता. महेशचंद्रांनी यांपैकी काहीच केले नाही.

यानंतर बराच काळ या पद्धतीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. 'इंडियन डिफेन्स' हे नाव छापील स्वरूपात १८८४ मध्ये आढळते आणि ते महेशचंद्रांच्याच खेळावरून पडले. जर्मनीच्या लुई पॉल्सेनने आणि रशियाच्या चिगोरिनने या जातीच्या रचना खेळून पाहिल्या. पण प्रतिष्ठा नव्हती. ती मिळाली पहिल्या महायुद्धानंतर. निम्झोविच, रेटी, ग्रुनफेल्ड, टार्टाकोव्हर ही तरुण मंडळी टाराशच्या दंडकांविरुद्ध बंड करून उठली. मध्य व्यापणे आणि मध्यावर सत्ता ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी साधली तर पहिलीची गरज नाही, असे त्यांचे प्रतिपादन. रेटीचे आधुनिक बुद्धिबळावरील पुस्तक १९२२ चे, निम्झोविचचा 'माझी पद्धती' हा ग्रंथ १९२५ चा. १९२२ मध्येच व्हिएन्नात ग्रुनफेल्डने आपल्या बचावाने आलेखिनसारख्याला हरविले. टार्टाकोव्हरने या संप्रदायाला 'अतिआधुनिक' असे नाव दिले. बंगालच्या मोफसलात जे जुनेपणाचे चिन्ह होते, ते व्हिएन्नाच्या उपाहारगृहांत अतिआधुनिक ठरले, ही इतिहासाची थट्टा मोठी मार्मिक आहे.

किंग्ज इंडियनला तर आणखी दोन दशके वाट पाहावी लागली. ती उजेडात आणली युक्रेनच्या कोन्स्तांतिनोपोल्स्की, बोलेस्लाव्हस्की आणि ब्रॉन्स्टाइन या त्रिकुटाने. १९४६ मध्ये प्राग आणि मॉस्को या शहरांच्या सामन्यात ब्रॉन्स्टाइनने पाखमान आणि झिता या दोघांना याच बचावाने जे हरविले, ते पाहून युरोपातील पंडितांनी आपली पुस्तके दुरुस्त केली. १९५३ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत हा बचाव जगातील अग्रगण्य खेळाडूंच्या हातून वारंवार खेळला गेला. १९५६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे बॉबी फिशर या तेरा वर्षांच्या मुलाने डोनाल्ड बर्नला ज्या डावात वजीर देऊन हरविले, तो 'शतकातील डाव' ग्रुनफेल्ड जातीचाच होता. महेशचंद्रांच्या १८५५ च्या डावानंतर एकशे एक वर्षांनी.

या बचावाची किंमतही मोठी आहे. काळ्याला जागा कमी मिळते आणि पांढऱ्याने वजिराच्या बाजूने वेळेवर मुसंडी मारली तर काळ्याचा राजाकडील हल्ला अर्ध्यावरच राहतो. कास्पारोव्हसारख्या वीराने हे शस्त्र वर्षानुवर्षे वापरले. परंतु क्रामनिकने १९९० नंतरच्या दशकात वजिराकडील घोड्याच्या प्याद्याची आक्रमक चाल हाती घेतल्यावर त्यालाही ते खाली ठेवावे लागले. ग्रुनफेल्डची कथाही अशीच. कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध १९८६ आणि १९८७ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत तो खेळला. २०१० च्या एप्रिलमध्ये सोफिया येथे आपल्या विश्वनाथन आनंद यांनी टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात काळ्या मोहऱ्यांनी ग्रुनफेल्ड निवडला, आणि केलेल्या तयारीतील चालींचा क्रम चुकल्यामुळे तीस चालींत तो डाव गमावला. वेळेचा जो हिशेब १८५५ मध्ये कलकत्त्यात चुकला होता, तोच दीडशे वर्षांनी सोफियात चुकला. आनंद यांनी पुढे तो सामना जिंकला, ही गोष्ट वेगळी.

राहता राहिला श्रेयाचा प्रश्न. फिलिप सार्जंट या इंग्रज इतिहासकाराने १९३४ मध्ये ब्रिटिश बुद्धिबळाचा शतकाचा इतिहास लिहिताना स्पष्ट म्हटले आहे की, या रचना युरोपियनांना मोठ्या प्रमाणावर महेशचंद्र आणि इतर भारतीय खेळाडूंच्या उदाहरणावरून कळल्या. ते वाक्य वाचून आपली छाती फुगणे साहजिक आहे. तरीही आमच्या मते येथे थोडा विवेक पाळावा. निम्झोविच आणि रेटी यांनी जी मीमांसा केली, ती त्यांची स्वतःची होती. मध्याच्या सत्तेचा सिद्धांत त्यांनी टाराशशी वाद घालीत घालीत घडविला. तो सिद्धांत महेशचंद्रांचा आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. महेशचंद्रांनी ग्रंथ लिहिला नाही, नियम सांगितले नाहीत. पण पटावर ती रचना प्रत्यक्ष उभी करून तिच्या बळावर कॉक्रेनसारख्याला हरविण्याचे काम त्यांनी केले, आणि हे श्रेय कागदोपत्री सिद्ध आहे. जे सिद्ध आहे तेवढेच मागितले, तर ते कोणालाही नाकारता येत नाही.

मात्र एका गोष्टीची खंत वाटते. कॉक्रेनने १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्धच खेळताना चौथ्या चालीस घोड्याचे बलिदान केले. त्याला आज सारे जग 'कॉक्रेन गॅम्बिट' म्हणते. ग्रुनफेल्डच्या चालीला ग्रुनफेल्डचे नाव आहे, निम्झोविचच्या चालीला निम्झोविचचे. महेशचंद्रांच्या चालीला मात्र त्यांच्या देशाचे नाव मिळाले. वरवर पाहता हा मोठा गौरव आहे. पण त्या गौरवात माणूस हरवला. साहेबाच्या दृष्टीला समोरचा साहेब हा एक व्यक्ती असे आणि समोरचा नेटिव्ह हा एक देश असे. ज्यांची नोकरी फाइलींत जाते, त्यांना या प्रकाराचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. मसुदा एकाचा, सही दुसऱ्याची आणि नोंद खात्याच्या नावावर, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे.

असाच दुसरा पुरुष मीर सुलतान खान. पंजाबातील मिठा टिवाणा गावचा. १९०५ चा जन्म. देशी नियमांनी शिकलेला हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्या पदरी राहून विलायतेस गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वर्षी ब्रिटिश विजेता झाला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरविले. त्या डावात काळ्या मोहऱ्यांनी 'क्वीन्स इंडियन' खेळत होता तो क्यूबाचा कापाब्लांका, आणि त्याच्या विरुद्ध बसला होता तो खरा इंडियन. सुलतान खान १९६६ मध्ये निवर्तला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला ग्रँडमास्टर ही सन्मान्य पदवी दिली ती २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. महेशचंद्रांच्या वाट्याला अजून एवढेही आलेले नाही.

आज कोलकात्यात गरियाहाटच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी बुद्धिबळाचे पट मांडलेले दिसतात. म्हातारे, विद्यार्थी, दुकानदार, कचेरीतून परतणारे कारकून असे सर्व थरांतील लोक तेथे खेळतात, आणि बंगाली येत नसले तरी पटावर बसावयास कोणी हरकत घेत नाही. परमुलखात नेमणूक झालेल्या आपल्यासारख्यांना त्या शहराशी ओळख करून घेण्याचा तो एक सोपा मार्ग आहे. काळे मोहरे वाट्यास आले आणि समोरच्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले, तर घोडा काढावा, घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवावे, उंट त्या घरात ठेवावा आणि मध्य कोणाचा याची घाई करू नये. डाव संपल्यावर समोरच्या गृहस्थाला या बचावाचे नाव विचारावे. तो 'किंग्ज इंडियन' म्हणेल किंवा 'ग्रुनफेल्ड' म्हणेल. तेव्हा त्याच्याच प्रांतातील महेशचंद्र बंद्योपाध्याय यांचे नाव त्याला आवर्जून सांगावे.